निंबवाडीचा कौल

"पडली का गं?"

"न्हाई."

"हलली तरी?"

"एक बी हलंना. आन तू आधी माज्या लुगड्यावरचा पाय काढ."

छबूबाई आणि शालनबाईचं बायांच्या घोळक्यात हे असं चाललं होतं आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ज्योतीराम गुरव हात जोडून उभा होता. आत भैरवनाथाच्या दोन्ही खांद्यांवर त्यानं पहाटेच शेवंतीची एकेक पाकळी पाण्यात बुडवून लावली होती. उजवी पडली तर उद्धवराव, डावी पडली तर हिंदुराव. जी आधी पडेल तिच्या बाजूनं अख्ख्या निंबवाडीनं मत द्यायचं, असं ठरलं होतं. वेशीबाहेर गाड्या जुंपून तयार होत्या. चाकणच्या शाळेत मतदान केव्हाच सुरू झालं होतं आणि निंबवाडी अजून देवळात बसून होती.

एरवी कौल मिळायला पान लावून तोंडात घालण्याइतका वेळ लागे. म्हणून तर लोक निर्धास्त आले होते. कौल घ्यायचा, गुलाल उधळायचा आणि ऊन चढायच्या आत चाकण गाठायचं, एवढा सोपा बेत होता.

भांडण जिल्हा लोकल बोर्डाच्या एका जागेचं होतं. चाकणच्या बाजूनं एकच माणूस बोर्डावर जायचा आणि त्या एका जागेसाठी निंबवाडीतून दोघे उभे राहिले होते, तेही सख्खे चुलतभाऊ. उद्धवरावाला चाकणपर्यंत मोटाररस्ता हवा होता. तो आखला की नेमका हिंदुरावाच्या शेताच्या पट्टीतून जाई. हिंदुरावाला भामा नदीवर बंधारा हवा होता. तो बांधला की पाणी उद्धवरावाच्या नदीकाठच्या मळईत शिरे. दोघांनाही गावाचं भलंच करायचं होतं, फक्त ते दुसऱ्याच्या जमिनीवरून करायचं होतं. दोन महिन्यांत गावाची दोन गावं झाली. एका विहिरीवर नांगराच्या बाया, दुसरीवर छत्रीच्या. नांगर हे उद्धवरावाचं चिन्ह, छत्री हिंदुरावाचं. तिसरा उमेदवार खेडचा एक वकील होता. त्याचं चिन्ह सायकल. त्याच्याकडे निंबवाडीत कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

मतदानाच्या दोन दिवस आधी पारावर काठ्या निघाल्या. तेव्हा मंजुळाकाकी मध्ये पडली. ती दोघांचीही चुलती, दोघांनाही तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. ती म्हणाली, "आरं, दोगंबी पडाल आन त्यो खेडचा सायकलवाला जाईल निवडून. नाथाला इचारा. नाथ ज्येला म्हनंल त्येला समद्यांनी मत द्या, आन दुसऱ्यानं गप घरी बसा." दोघांनी बेल-भंडारा उचलून शपथ घेतली. गावानं सुटकेचा श्वास टाकला.

आता सगळी भिस्त ज्योतीरामवर होती, म्हणजे खरं तर नाथावर. पण नाथाच्या अंगावर पाकळी लावणारा हात ज्योतीरामचा, त्याच्या बापाचा आणि आजाचा. त्या हातानं गावात सोयरिकी जमवल्या होत्या, विहिरींच्या जागा दाखवल्या होत्या, रुसून गेलेले लेक परत येतील की नाही ते सांगितलं होतं. माणूस मात्र मोठा तंद्रीतला. बेल खुडायला जाई आणि झाडाखाली बसून राही. गुरवाला हाक मारायची तर दोनदा मारावी, पहिली त्याच्यापर्यंत पोचत नाही, असं गाव गमतीनं म्हणे. त्याच्यावर कुणाचा राग नव्हता. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस सगळ्यांनाच परवडतो.

स्वतःसाठी त्यानं आयुष्यात एकदाच कौल लावला होता. सहा वर्षांची लेक इंद्रायणी, घरातली इंदी, तापानं फणफणली होती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची तर बैलगाडीनं तळेगावचं स्टेशन गाठायचं आणि पुढे आगगाडी. रस्त्यातच पोरीचं काही झालं तर? उजवी पडली तर न्यायची, डावी पडली तर घरीच ठेवायची, असं त्यानं नाथाला विचारलं. डावी पडली, आणि लगेच पडली. पोर घरी राहिली आणि तिसऱ्या दिवशी गेली. नाथाची इच्छा, एवढ्या एका गोष्टीवर ज्योतीराम पुढची वर्षं उभा होता. त्याची बायको सावित्री त्या दिवसापासून या विषयावर एक अक्षरही बोलली नव्हती.

धुकं निवळलं. देवळाच्या दगडी फरशीवर उन्हाचा पट्टा आला आणि हळूहळू माणसांच्या मांड्यांवरून सरकू लागला. बैल उभे राहून कंटाळले, म्हणून कुणी तरी जाऊन जू उतरवून आलं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"नाथ इचार करतोय," एक म्हातारा म्हणाला.

"करू द्या की. पर साहेब करनार न्हाई." हा भिमाजी. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागलेला निंबवाडीचा पहिला गडी, मत द्यायला मुद्दाम सायकलवर आलेला. मनगटावर पहिल्या पगारातलं घड्याळ होतं आणि ते दिसावं म्हणून बाही दुमडलेली होती. "पाच वाजता पेट्या बंद. कारखान्यात भोंगा वाजला की गेट बंद, तसं. मागनं कुनी कितीबी वरडा."

"तुजा कारखाना ऱ्हाऊ दे पिंपरीला," मंजुळाकाकी कडाडली. "देवाम्होरं घड्याळ दावतोस व्हय रं?"

भिमाजीनं बाही खाली ओढली.

दुपार चढली तशी माणसं भिंतींना टेकली. कुणी तरी भाकऱ्या आणल्या, ठेचा आणला. नांगरवाल्याच्या भाकरीवर छत्रीवाल्याचा ठेचा पडला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. पोटात अन्न गेल्यावर डोळे जड झाले. मग देवळात एक वेगळंच बोलणं सुरू झालं. दोन महिने जे एकमेकांच्या अंगावर ओरडून झालं होतं तेच आता लोक डोळे मिटून, झोपेत बोलावं तसं बोलू लागले.

"रस्ता झाला ना, मंग यष्टी थेट हितं येनार. देवळाम्होरं वळनार. कांदा टाकायचा टपावर आन आपुन आत बसायचं."

"बाकड्यावर?"

"गादी असती त्येला. निळी."

"आन बंधाऱ्याचं पानी कुटवर येईल रं?"

"पार चिचेपोत्तर. उनाळ्यात बी. पोरं पवतील, म्हशी डुंबतील. मासं बी मिळतील तुला."

"मंग यष्टी पान्यातनं येनार व्हय?"

"येईल की. हळू येईल."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ती निळ्या गादीची गाडी चिंचेखालच्या पाण्यातून अलगद येताना दिसत होती. रस्तावाल्यांनी बंधारावाल्यांचं पाणी पाहिलं आणि बंधारावाल्यांनी रस्तावाल्यांची गाडी. ज्योतीरामही उंबऱ्याशी बसून तेच बघत होता. गाडीच्या खिडकीत इंदी होती. तिनं हात बाहेर काढून पाण्याला लावला, तेव्हा तो दचकून जागा झाला.

त्यानं पाकळ्यांकडे पाहिलं. आणि आत्तापर्यंत कसं सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

परवा तिन्हीसांजेला उद्धवरावाचा माणूस गुपचूप शेंदूर आणि तेल देऊन गेला होता. नाथाला लेप चढव, कुणाला बोलू नकोस. ज्योतीरामनं चढवला. काल सकाळी हिंदुरावाकडून तेच आलं, अगदी त्याच शब्दांत. कुणाला नाही म्हणायचं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यानं दुसराही चढवला. दोघांनी परस्पर नाथाला खूश करायला बघितलं आणि नाथ लोण्यासारखा मऊ झाला होता. कोरड्या जुन्या शेंदरावरून पाकळी वाळली की सुटते. या तेलकट लेपात दोन्ही पाकळ्या रुतून बसल्या होत्या. त्या आज पडणार नव्हत्या, उद्याही नाही.

उठायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. ज्योतीराम उठला नाही. कारण हे सांगितलं की पुढचंही आलंच. शेंदूर ओला असला तर पाकळी राहते आणि सुका असला तर पडते, मग यात नाथ बोलला कुठे? बापाचे कौल, आजाचे कौल, सगळ्या सोयरिकी आणि विहिरी, सगळं तेल आणि पाण्याचं. ते एक वेळ सोसलं असतं. पण इंदी? तिलाही एका वाळक्या पाकळीपायी घरी ठेवली, असंच मग म्हणावं लागेल. ते स्वतःशी म्हणायचं, आणि बायांमध्ये खांबाला टेकून बसलेल्या सावित्रीला ऐकवायचं. त्यापेक्षा गावाचं मत बुडालं तर बुडो, असं त्याला वाटलं. वाटल्याची लाजही वाटली. पण तो बसून राहिला.

उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला. भिमाजी दोनदा बाहेर जाऊन घड्याळ बघून आला. उद्धवराव आणि हिंदुराव समोरासमोर बसले होते. दोघांनाही शब्द मोडून उठायचा धीर होत नव्हता, आणि दुसरा आधी उठेल या आशेनं दोघंही बसून होते. मंजुळाकाकी तर तोंड उघडं टाकून झोपी गेली होती.

आणि छबूबाई, डोळे न उघडताच, रस्त्याचं पुढं बोलू लागली. "कांद्याचं सोडा वं. रस्ता आसला म्हंजी रातचं कुनाचं दुखलं-खुपलं तर मोटारीत घालायचं आन पुन्याला न्यायचं. इचारत बसायला नगं. ती इंदी…"

ती थांबली. तिला शुद्ध आली आणि तिनं पदर तोंडाला लावला. सगळा मंडप जागा झाला. कुणी ज्योतीरामकडे बघेना, कुणी सावित्रीकडे बघेना. सावित्री तेवढी जशी होती तशी बसून राहिली. तिनं फक्त मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

ज्योतीराम उठला. त्याचा आवाज मुळात बारीक, पण त्या शांततेत तो मागपर्यंत पोचला.

"पाकळ्या पडायच्या न्हाईत. शेंदूर ओला हाय. दोन डाव लेप चढलाय. आनखी चार दिस तरी न्हाई पडायच्या. तुमी जावा."

मग उद्धवराव म्हणाला, "दोन डाव? दुसरा कुनी दिला?"

हिंदुराव उसळला, "आदी पैला कुनी दिला त्ये सांग!"

ज्योतीरामनं सांगितलं नाही. सांगायची गरज उरली नव्हती, दोघांची तोंडंच सांगत होती. मागून कुणी तरी फिस्सकन हसलं. मग भिमाजीनं विचारू नये ते विचारलं. "म्हंजी गुरवबाबा, आजवरचं कौल बी आसंच? ओलं-सुकं?"

"मला ठावं न्हाई," ज्योतीराम म्हणाला. "आजचं त्येवढं सांगितलं."

मग एकच धांदल उडाली. बैल जुंपताना शिव्या, बायांची ओढाताण, वहाणांची अदलाबदल. नांगरवाला छत्रीवाल्याच्या गाडीत चढला आणि उतरला. धुळीचा लोट उठला आणि चाकणच्या वाटेनं निघून गेला. मंजुळाकाकीला उठवायचं राहूनच गेलं. ती जागी झाली तेव्हा देवळात दोन पाकळ्या आणि गुरव-गुरवीण एवढेच उरले होते. "कोन पडली?" तिनं विचारलं. सावित्रीनं तिला हाताला धरून घरी पोचवलं.

पुढच्या चार गाड्या वेळेत पोचल्या. बाकीच्या ओढ्याच्या चढावर अडकल्या आणि शाळेच्या दारावरून परत आल्या.

निकाल बाजाराच्या दिवशी कळला. खेडचा वकील निवडून आला. उद्धवरावापेक्षा त्याला एकोणीस मतं जास्त होती. दोन गाड्यांत एवढी माणसं मावतात, दाटीनं बसली तर जरा जास्तच.

त्या संध्याकाळी पारावर ही गर्दी. जी माणसं दोन महिने दोन बाजूंना बसत होती ती आता एकाच बाजूला दाटीवाटीनं बसली होती.

"मागल्या गाड्या पोचल्या आसत्या तर नांगर आला आसता."

"कसा येईल? मागल्या गाड्यांत माजी मानसं हुती."

"तुजी हुती तर छत्री आली आसती. वकील तर पडला आसता!"

"अरं पन दुपारलाच गुरवानं तोंड उघडलं आसतं तर?"

यावर मात्र दोन्ही भावांचं एकमत झालं. "आक्रीत मानूस," उद्धवराव म्हणाला. "बसून ऱ्हायला मुकाट," हिंदुराव म्हणाला आणि त्यानं उद्धवरावापुढे तंबाखूची चंची सरकवली. शेंदराची गोष्ट कुणी काढली नाही. मंजुळाकाकीला जे हवं होतं ते झालं होतं, गाव एक झालं होतं. त्यासाठी एक माणूस लागला, एवढंच.

देवळामागच्या ओसरीवर ज्योतीराम आणि सावित्री पत्रावळी टाचत बसले होते. पारावरचा शब्द न् शब्द तिथे ऐकू येत होता. आज दिवसभरात एकही माणूस देवळात आलं नव्हतं. ज्योतीरामला त्याचं फार काही वाटत नव्हतं. त्याला दुसरंच सांगायचं होतं आणि चार दिवस ते घशाशी येऊन परत जात होतं.

"सावित्री."

"हं."

"इंदीच्या येळंला शेंदूर जुना हुता. कोरडा ठक."

सावित्रीच्या हातातली काडी पानात गेली आणि बाहेर आली.

"त्ये न्हाई सांगत मी," तो म्हणाला. "माजा हात कापत हुता. डावी पाकळी नीट बसलीच न्हवती. नुस्ती टेकली हुती. मला कळलं हुतं गं. पुन्यांदा लावाया पायजे हुती. पर एका गोष्टीला देवाला दोनदा इचारू न्हाई, म्हनून मी… आन मंग ती पडली."

सावित्रीनं पुढचं पान घेतलं. ते फाटकं निघालं म्हणून बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"दिवा मीच धरला हुता न्हवं. मला दिसत हुतं."

इतकी वर्षं तो एकट्यानं जे वागवत होता ते या घरात दोघं वागवत होते, आणि ती त्याच्यासमोर रोज भाकरी वाढत होती. "मंग… बोलली का न्हाईस तवा?" त्यानं विचारलं.

"कौल लागलेला आसताना बाईमानसानं बोलू न्हाई म्हंत्यात. म्हनून न्हाई बोलले. ती माजी चूक, तुमची न्हवं." तिचा आवाज तेवढा एकदाच हलला. "मागनं बोलून काय केलं आसतं? तुमी हीर जवळ केली आसती. मंग मी एकटीच उरले आसते."

ज्योतीराम रडू लागला. मोठ्या माणसानं रडावं तसा नाही, तोंड वाकडं करून, नाक ओढत, लहान मुलासारखा. सावित्रीनं त्याला थांबवलं नाही आणि ती स्वतःही रडली नाही. तिनं त्याच्या मांडीवरची पत्रावळ भिजू नये म्हणून काढून घेतली.

दिवस बुडाला. सांजेच्या नगाऱ्याची वेळ झाली. ज्योतीरामनं उठायला हात टेकला, पण त्याचे पाय उचलेनात. त्यानं पुन्हा टेकला. मग सावित्रीनं पदर खोचला, हातांना लागलेला पानांचा चिकटा लुगड्याला पुसला आणि ती देवळाकडे गेली.

पारावर एकोणीस मतांचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून चालला होता. तेवढ्यात नगारा वाजला. ठोका जड होता, तालात नव्हता, दोन ठोक्यांत अंतर जास्त पडत होतं. आजवर या गावात कुणा बाईनं नगाऱ्याला हात लावला नव्हता. पारावरचं बोलणं थांबलं. हिंदुरावाच्या तळहातावर तंबाखू तशीच राहिली.

"आज हात येगळा हाय," उद्धवराव म्हणाला.

नगारा थांबेपर्यंत टोप्या काढून सगळे तसेच बसून होते.